पानगळीसाठी एकच सूट घ्यायचा असेल तर

मी कोट-पॅन्टच्या दुरुस्तीचं काम करते. नवे घेतलेले, मापाने शिवलेले, वडिलांकडून मुलाकडे आलेले असे सगळे सूट माझ्या टेबलावर उलटे होऊन पडतात आणि मला ते आतून दिसतात. शिवण कुठे उसवली, अस्तर कुठे विरलं, कोपरावर कापड कुठे चमकायला लागलं, यावरून तो सूट किती घातला गेला ते लगेच कळतं. सगळ्यात वाईट वाटतं ते न घातलेल्या सूटचं. कापड उत्तम, शिलाई उत्तम, आणि घालणारा म्हणतो, "निमित्तच मिळत नाही हो."

निमित्त मिळत नाही, कारण तो सूट एकाच कामाचा असतो. काळा रंग, चकचकीत कापड, बारीक पट्टे. समारंभ संपला की परत कपाटात. पानगळीसाठी सूट घेताना तरी असं होऊ देऊ नका, कारण वर्षभरात याच दिवसांत सूट सगळ्यात सुखाने अंगावर राहतो. उन्हाळ्यासारखा घाम नाही आणि कडाक्याच्या थंडीसारखे चार-चार थरही नाहीत.

निवडताना मी एकच कसोटी लावते. हा कोट दुसऱ्या एखाद्या पॅन्टवर शोभेल का? आणि ही पॅन्ट नुसत्या स्वेटरखाली शोभेल का? दोन्हीची उत्तरं "हो" असली, तरच तो सूट खऱ्या अर्थाने अनेक प्रसंगांना चालणारा. पुढे जे सांगते आहे ते सगळं या कसोटीला धरूनच आहे.

आधी कापडाला हात लावा

लोक आधी रंग बघतात, मग कट, आणि कापडाकडे शेवटी वळतात. माझं म्हणणं, आधी डोळे मिटून कापड हातात घ्या.

पानगळीत सकाळी गारवा, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा गार वारा आणि मधेच एखादी सर. एकाच कापडाने हे सगळं निभावायचं असतं, आणि ते लोकरीला जमतं. लोकरीचा तंतू जात्याच नागमोडी असतो. त्या वळणांत हवा अडकते, म्हणून ऊब टिकते. हाच तंतू स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेतो आणि तरी हाताला कोरडा लागतो, म्हणून दुपारी घुसमटायला होत नाही. चुरगळलेला लोकरी कोट रात्रभर टांगून ठेवला की सकाळी बराचसा सरळ झालेला असतो, तेही या वळणांमुळेच. सुती सूट दिसायला छान, पण कोपरात आणि गुडघ्यात पडलेल्या चुण्या इस्त्रीशिवाय जात नाहीत. पॉलिएस्टर जास्त असलेलं कापड घाम शोषत नाही आणि जिथे घासलं जातं तिथे लवकर चमकू लागतं. त्यामुळे आतलं लेबल वाचा आणि शक्यतो निव्वळ लोकरच घ्या.

त्यानंतर वजन विचारा. सूटच्या कापडाचं वजन बहुतेक वेळा एका धावत्या मीटरला किती ग्रॅम असं सांगतात, आणि या कापडाचा पन्हा साधारण १५० सेंटिमीटर असतो. काही ठिकाणी मात्र ते चौरस मीटरला सांगतात. ३०० ग्रॅमचं धावतं मीटर म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम. तेव्हा आकडा ऐकलात की कोणत्या मापाने सांगताय हेही विचारून घ्या, नाहीतर एकच कापड तुम्हाला एकदा जाड आणि एकदा पातळ वाटेल. जुन्या पद्धतीने औंसात सांगत असतील, तर १० औंस म्हणजे साधारण ३१० ग्रॅम धावतं मीटर.

पानगळीसाठी मी २८० ते ३४० ग्रॅमच्या मधलं कापड सुचवते. २४० च्या खालचं कापड उन्हाळ्याचं. ते वाऱ्यात अंगाला चिकटतं आणि बसून उठलं की मांडीवर चुण्यांचं जाळं दिसतं. ४०० च्या वरचं कापड देखणं पडतं, पण गर्दीच्या वाहनात किंवा गरम केलेल्या खोलीत नको होतं. मधल्या वजनाचं कापड स्वतःच्या भाराने सरळ खाली येतं, झोल धरत नाही, आणि शिवणाऱ्याच्या लहानसहान चुकाही पोटात घालतं. हे मी रोज बघते. सारख्याच हाताने शिवलेले दोन कोट असले, तर जरा जड कापडाचा कोट नेहमी जास्त नीट बसलेला दिसतो.

लेबलावर "सुपर १००", "सुपर १२०", "सुपर १५०" असे आकडे दिसतील. हा आकडा तंतूच्या बारीकपणाचा आहे. सुपर १०० म्हणजे तंतू सरासरी १८.७५ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड, सुपर १५० म्हणजे १६.२५ पर्यंत. आकडा चढला की कापड मऊ आणि चमकदार होतं, टिकाऊ होत नाही. उलट बारीक तंतूचं कापड लवकर झिजतं. रोज वापरायच्या सूटला १०० ते १२० भरपूर झाले. आकडाच लिहिलेला नसेल तरी बिचकू नका. चांगल्या फ्लॅनेलवर तो कित्येकदा नसतोच.

फ्लॅनेलवर माझा जीव आहे

या ऋतूसाठी एकच कापड निवड म्हटलं, तर मी करडं फ्लॅनेल निवडेन. फ्लॅनेल म्हणजे विणून झाल्यावर पृष्ठभागावर बारीक लव उठवलेलं लोकरी कापड. त्या लवेमुळे वीण झाकली जाते, प्रकाश कापडात मुरतो आणि चकाकी राहत नाही. चकाकी नसणं हाच त्याचा मोठा गुण, कारण चकाकणारा कोट जीन्सवर घातला की तो सूटमधून काढून आणलेला आहे हे लांबून कळतं. फ्लॅनेलचा कोट तसा कळत नाही. इंग्लंडमधल्या सॉमरसेटची फॉक्स ब्रदर्स ही गिरणी १७७२ पासून चालू आहे आणि फ्लॅनेलसाठीच ओळखली जाते. इतकी वर्षं या कापडाला मागणी टिकली त्यामागे हे कारण नक्की आहे.

चांगलं करडं फ्लॅनेल खिडकीशी नेऊन डोळ्यांजवळ धरा. लांबून एकच दिसणारा करडा रंग तिथे सुटा होतो. पांढरट तंतू, जवळजवळ काळे तंतू, कधी निळसर, कधी मातकट झाक असलेले. लोकर आधी वेगवेगळ्या रंगांत रंगवून, मग एकत्र करून सूत काढलेलं असतं. याला मेलांज म्हणतात. इतके रंग आधीच आत असल्यामुळे असं कापड निळ्या, तपकिरी, हिरव्या, पांढऱ्या कशाहीसोबत जुळतं. सूत काढून झाल्यावर सपाट एकाच करड्या रंगात बुडवलेल्या कापडाला ही सोय नाही, आणि ते जरा निर्जीवही दिसतं.

फ्लॅनेलमध्ये दोन जाती आहेत आणि हा फरक कळणं गरजेचं आहे. वुलन फ्लॅनेल आखूड, पिंजलेल्या तंतूंचं असतं. ते मऊ, फुगीर आणि ऊबदार. वर्स्टेड फ्लॅनेल लांब, विंचरलेल्या तंतूंचं असतं. लव कमी, घट्टपणा जास्त. माझ्याकडे येणाऱ्या वुलन फ्लॅनेलच्या पॅन्टी जवळपास सगळ्या एकाच जागी गेलेल्या असतात, मांडीच्या आतल्या बाजूला, जिथे चालताना दोन्ही पाय एकमेकांना घासतात. आधी लव जाते, मग उभे-आडवे धागे उघडे पडतात, मग एक दिवस तिथे जाळी दिसते. त्यामुळे रोज चालणं खूप असेल, तर वर्स्टेड फ्लॅनेल घ्या. बसून काम असेल आणि आठवड्यातून एकदा-दोनदाच घालणार असाल, तर वुलनचं सुख नक्की घ्या.

फ्लॅनेल नको असेल तर हॉपसॅक बघा. त्याची वीण चटईसारखी मोकळी असते, चुण्या कमी पडतात, आणि ऋतूच्या सुरुवातीला अजून ऊन असतं तेव्हा ते जास्त सोयीचं. फक्त खरबरीत पिशवीचा पट्टा खांद्याला लावत असाल तर धागे ओढले जातात. शार्कस्किन हे दोन रंगांच्या सुतांचं ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं कापड. तेही चालेल, पण त्यातलं कमीत कमी चमकणारं निवडा. ट्विड, म्हणजे जाडसर खरबरीत लोकरी कापड, मला अतिशय आवडतं. हॅरिस ट्विडसाठी तर १९९३ साली खास कायदा झाला. त्यानुसार स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच्या लोकांनी आपापल्या घरी हाताने विणलेल्या कापडालाच ते नाव लावता येतं. पण ट्विडचा कोट घ्या, सूट नको. अख्खा ट्विड सूट फार बोलका होतो आणि पॅन्ट पायांना टोचते. कॉर्डरॉयचंही तसंच. त्याच्या उभ्या रेघा दर इंचाला किती यावरून तो जाड की बारीक ते ठरतं, आणि दहा-बाराच्या आसपासचा मधला चांगला दिसतो. पण त्याच्या गुडघ्यांवरची लव बसते आणि पॅन्ट कोटाच्या आधी म्हातारी होते.

दुकानात तीन गोष्टी करा. बाहीचं कापड मुठीत घट्ट धरून दहापर्यंत मोजा आणि सोडा. घड्या हळूहळू विरल्या पाहिजेत. पॅन्टचा एकेरी भाग उजेडासमोर धरा. आरपार फारच दिसत असेल तर सीटवर लवकर विरेल. आणि कापड दिवसाच्या उजेडात न्या. दिव्याखाली नेव्ही काळा दिसतो, तपकिरी लालसर दिसतो, आणि करड्यातली निळी झाक तर मुळीच कळत नाही.

रंग

पहिल्या सूटसाठी मी मध्यम करडा किंवा नेव्ही एवढंच म्हणेन. दोघांत कोणता, हे तुम्ही कोटाचा वेगळा वापर जास्त कराल की पॅन्टचा यावर ठरवा. नेव्ही कोट एकटा कशावरही जातो, पण नेव्ही पॅन्ट एकटी जरा ऑफिसच्या गणवेशासारखी वाटते. करडी पॅन्ट जगातल्या जवळजवळ प्रत्येक कोटाखाली, प्रत्येक स्वेटरखाली चालते, पण करडा कोट वेगळा घालायला त्याला पोत लागतो. म्हणूनच करडा असेल तर फ्लॅनेल, आणि नेव्ही असेल तर हॉपसॅक किंवा तसंच खडबडीत विणीचं.

गडद तपकिरी आणि ऑलिव्ह हे या ऋतूचे रंग खरे. झाडांखाली ते इतके सुंदर दिसतात की मोह होतो. दुसरा सूट घेताना घ्या. पहिलाच तपकिरी घेतलात तर गंभीर प्रसंगी, मुलाखतीला किंवा अंत्यविधीला, अडचण होते. काळा तर नकोच. दिवसाउजेडी तो चेहऱ्याचा रंग ओढून घेतो आणि त्यावर प्रत्येक तूस दिसतो.

पट्टे टाळा. पट्ट्यांचा कोट पट्ट्यांच्या पॅन्टशिवाय घालता येत नाही आणि मग आपली कसोटी तिथेच संपली. अगदी पुसट, दोन पावलांवरून न दिसणारा चेक असेल तर चालेल.

कोट आतून कसा आहे

कोटाच्या समोरच्या भागात कापड आणि अस्तर यांच्या मध्ये एक तिसरा थर असतो, आकार धरून ठेवणारा. तो कॅनव्हासचा असून टाक्यांनी धरलेला असेल तर कोट अंगाच्या वळणाने हळूहळू बसत जातो. नुसता गरम करून चिकटवलेला असेल, ज्याला आम्ही फ्यूजिंग म्हणतो, तर पहिल्या दिवशी झकास दिसतो. पण पावसात भिजून, ड्रायक्लीनमध्ये तापून डिंक सुटला की छातीवर आणि लॅपलवर, म्हणजे कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्टीवर, बुडबुडे येतात. ते बुडबुडे घेऊन लोक येतात तेव्हा मला नाही म्हणावं लागतं, कारण त्यावर टिकाऊ इलाज नाही.

ओळखायचं असं. खालच्या बटणाच्या काजाजवळ, कोटाचं बाहेरचं कापड एका हाताच्या चिमटीत आणि आतलं दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरा आणि हलकेच वेगळं ओढा. मधे तिसरा थर सुटा सरकताना जाणवला तर पूर्ण कॅनव्हास. खाली जाणवला नाही पण छातीपाशी आणि लॅपलमध्ये जाणवला तर अर्धा कॅनव्हास. अर्धा कॅनव्हास रोजच्या सूटला उत्तम, त्याहून जास्तीचा आग्रह धरू नका.

खांद्यात भरणा कमी असू द्या. कडक, उचललेला खांदा जीन्सवर किंवा स्वेटरवर परका दिसतो. लॅपल साधा खाच असलेला, रुंदी साडेआठ ते साडेनऊ सेंटिमीटर. फार अरुंद किंवा फार रुंद लॅपल घेतला तर फॅशन बदलली की कोटही जुना होतो, आणि लॅपलची रुंदी बदलणं हे मोठं काम आहे. समोर दोन बटणं, मागे दोन चिरा. खिसे वरून लावलेले असले तर कोट जरा सैलावतो, वेगळा घालायला सोपा जातो. झडपेचे खिसेही चालतील.

बटणांकडे फार कमी लोक बघतात. करड्या किंवा नेव्ही सूटवरची चकचकीत प्लास्टिकची बटणं काढून गडद तपकिरी शिंगाची किंवा कोरोझोची, म्हणजे टाग्वा नावाच्या ताडाच्या कठीण बियांपासून केलेली बटणं लावली की कोटाचा चेहरामोहराच बदलतो. तासाभराचं काम आहे. नव्या सूटवर पैसे कमी खर्च झाले असतील तर मी ग्राहकाला हे पहिलं सुचवते.

माप: काय दुरुस्त होतं आणि काय नाही

कोट घालून बघायला जाताना आत ते घालून जा जे तुम्ही खरंच घालणार आहात. पानगळीत शर्टावर पातळ मेरिनो स्वेटर येणारच. नुसत्या शर्टावर अगदी बेतलेला कोट स्वेटर आला की छातीत ओढतो, आणि मग बटणापाशी इंग्रजी एक्स अक्षरासारख्या चुण्या पडतात.

आरशात आधी फक्त खांदा बघा. कोटाची खांद्याची शिवण तुमचा खांदा संपतो तिथेच संपली पाहिजे. पुढे गेली तर बाहीच्या वरच्या भागात खळगा पडतो, अलीकडे संपली तर दंड बाहेर फुगतो. खांदा चुकला की कोट परत ठेवा, कितीही आवडला असला तरी. खांदा बदलणं म्हणजे कोट अर्धा उसवून पुन्हा शिवणं. मी ते करते, पण नव्या कोटावर कधीच करायला सांगत नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडलेली असते तो घेर, आणि कोटाची उंची यांचंही तेच. मुंढा बगलेच्या जवळ, वर असावा. दोन्ही हात समोर उचला. मुंढा खाली असेल तर अख्खा कोट हातांबरोबर वर चढतो. उंची सीट झाकेल इतकी.

मग मान. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला टेकून राहिली पाहिजे. मधे फट असेल तर आधी सरळ उभे राहा, खोल श्वास घ्या आणि पुन्हा बघा, कारण कधी कधी फट उभं राहण्याच्या ढबीमुळेच असते. तरी राहिली तर तो कोट तुमच्या पाठीचा नाही. कॉलरच्या खाली पाठीवर एक आडवी घडी पडत असेल तर मात्र घाबरायचं कारण नाही. कॉलर उसवून थोडी खाली बसवली की ती जाते.

बाकीचं बहुतेक सगळं होतं. कमरेत घेणं, थोडं सोडणं, बाही आखूड करणं, पॅन्टची कंबर, मोहरी, उंची. बाही मनगटाच्या हाडापाशी संपावी आणि शर्टाचा कफ सेंटिमीटरभर बाहेर दिसावा. बाहीवरची काजं खरी कापलेली असतील तर आखूड करायला जागा उरत नाही, म्हणून आधी तपासा. आणि सोडायचं काम असेल तर शिवणीच्या आत किती दाब, म्हणजे जास्तीचं कापड, ठेवला आहे ते आतून चाचपून बघा. स्त्रियांच्या तयार सूटमध्ये माझ्या हाती येतो तो दाब बहुतेक वेळा जेमतेम असतो, खिसे खोटे असतात, आणि त्याच पैशात कापडही पातळ दिलेलं असतं. माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी हे स्पष्ट सांगते. पुरुषांच्या विभागातलं कापड आधी हाताने बघून या, म्हणजे तुम्हाला काय मिळायला हवं ते कळेल. छातीवर आणि कमरेत टिपा घेऊन कोट बसवता येतो. पातळ कापड जाड करता येत नाही.

पॅन्टबद्दल एक गोष्ट मी सगळ्यांना आग्रहाने सांगते: शक्य असेल तर एका कोटावर दोन पॅन्टी घ्या, त्याच कापडाच्या, त्याच वेळी. कोट खुर्चीवर टांगला जातो, पॅन्टवर मात्र दिवसभर बसणं होतं. कोटाच्या कितीतरी आधी पॅन्ट संपते आणि नंतर तेच कापड, त्याच रंगाच्या खेपेचं, मिळत नाही. दोन पॅन्टी आलटून पालटून घातल्या तर सूटचं आयुष्य सहज दुप्पट होतं. पॅन्टला पुढून गुडघ्यापर्यंत अस्तर असू द्या. मोहरी सपाट धरून मोजली तर अठरा ते वीस सेंटिमीटर. फ्लॅनेलला खाली चार सेंटिमीटरची उलटी पट्टी छान दिसते. तिच्या वजनाने पॅन्ट सरळ पडते आणि कापड बुटावर गोळा होत नाही.

घालायचं कसं

सूट म्हणून पूर्ण घालताना करड्या फ्लॅनेलवर पांढरा किंवा फिकट निळा ऑक्सफर्ड कापडाचा शर्ट आणि विणलेला रेशमी किंवा लोकरी टाय. पोताला पोत जुळवायचा. गुळगुळीत चमकदार साटीनचा टाय फ्लॅनेलवर घसरून पडल्यासारखा वाटतो. टायचे रंग गडद हिरवा, मातकट तांबडा, नेव्ही. कोटाचं खालचं बटण नेहमी उघडं, बसताना दोन्ही उघडी.

टाय नको असेल तर शर्टही काढून टाका आणि बारीक विणीचा मेरिनो स्वेटर घाला. गोल गळ्याचा किंवा उंच गळ्याचा. नेव्ही, मलईसारखा पांढरा, गडद मरून. उंच गळ्याचा स्वेटर घातला की कोटाची कॉलर त्यावर छान टेकते, गळा गार पडत नाही आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला तो टायइतकाच नीटनेटका दिसतो. फक्त तो पातळ हवा. जाड दोरीच्या विणीचा स्वेटर कोटाच्या आत घातला तर मुंढे गच्च होतात.

करडा कोट वेगळा घालताना खाली गडद निळी, न फाटलेली, न विटलेली जीन्स, किंवा ऑलिव्ह सुती पॅन्ट, किंवा मलई रंगाची कॉर्डरॉय. एकच लक्षात ठेवा, कोट आणि पॅन्टच्या रंगांत स्पष्ट फरक हवा. करड्या कोटाखाली थोड्या वेगळ्या करड्या रंगाची पॅन्ट घातली की अंधारात कपडे घातल्यासारखं दिसतं. करडी पॅन्ट एकटी घालायला काही विचारच लागत नाही. डेनिमचा शर्ट, तपकिरी कार्डिगन, जाड स्वेटर, काहीही.

बुटांत या ऋतूला गडद तपकिरी सर्वांत उपयोगी. सूटबरोबर डर्बी, म्हणजे नाडीचे साधे बूट, सुट्ट्या पॅन्टबरोबर घोट्यापर्यंतचे स्वेडचे चुक्का. जांभळट तांबडा चामड्याचा बूट करड्यावर इतका सुंदर दिसतो की दुसरी जोडी घ्यायची झाली तर तीच घ्या. पाऊस असेल त्या दिवशी रबरी तळ, आणि स्वेड बाहेर काढण्याआधी त्यावर पाणी न धरणारा फवारा मारलेला असावा. मोजे पॅन्टच्या रंगाचे किंवा त्याहून गडद, पोटरीपर्यंत उंच. बसल्यावर मोजा आणि पॅन्ट यांच्या मधे उघडी पोटरी दिसली की सगळी मेहनत वाया जाते.

वर ओव्हरकोट घेणार असाल तर तो सूटच्या कोटाहून लांबच हवा. खालून कोटाची किनार डोकावली तर दोन्ही कपडे चुकीचे वाटतात. रेनकोटच्या कापडाचा, आतला लोकरी थर काढता येणारा ओव्हरकोट पानगळीला सगळ्यात बरा.

घरी आल्यावर

पहिल्यांदा घालण्याआधी एक काम करा. नव्या कोटाच्या मागच्या चिरांवर कच्च्या टाक्यांची फुली असते, बाहीवर कापड गिरणीची पट्टी असते, खिसे बंद शिवलेले असतात. हे सगळं उसवायचं असतं. लहान कात्रीने, कापडापासून लांब धरून. रस्त्यात फुली तशीच घेऊन चालणारे लोक दिसतात तेव्हा थांबवून सांगावंसं वाटतं.

घालून झालं की खिसे रिकामे करा, रुंद खांद्याच्या हँगरवर कोट टांगा आणि मऊ केसांच्या ब्रशने वरून खाली झाडा. फ्लॅनेलच्या लवेत धूळ बसते आणि तीच धूळ घासून तंतू कापते. पॅन्ट मोहरीकडून धरून उलटी टांगली की तिच्याच वजनाने घड्या उतरतात. एकदा घातलेल्या सूटला निदान एक दिवस विश्रांती द्या, आतला ओलावा निघून जाऊ द्या. भिजला असेल तर उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, घरातच मोकळ्या हवेत वाळवा. इस्त्री थेट फिरवली तर लव दबते आणि चमक येते. त्यापेक्षा वाफ द्या, किंवा मधे ओलसर सुती कापड ठेवा.

ड्रायक्लीन ऋतूच्या शेवटी एकदा पुरे, डाग पडला तर अधिक. मात्र सूट बंद करून ठेवण्याआधी ते टाळू नका, कारण कसरीच्या अळ्या लोकर खातात आणि त्यातही घामाचे, अन्नाचे डाग असलेली जागा आधी शोधतात. स्वच्छ करून कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकच्या नको. आणि ड्रायक्लीनला देताना कोट आणि दोन्ही पॅन्टी एकत्रच द्या, एखादीवर डाग नसला तरी. धुलाईत रंग किंचित उतरतोच. एकच भाग दिलात तर दोन-तीन खेपांनंतर कोट आणि पॅन्ट एकाच सूटचे राहत नाहीत, आणि तो फरक मला सुईने भरून काढता येत नाही.